एकाच भांड्यातलं जेवण, वेगवेगळे रिपोर्ट

(सामुदायिक रेडिओ केंद्रावरून प्रसारित झालेलं भाषण)



रक्त तपासणीच्या टेबलावर मी सव्वीस वर्षं काम केलं, आपल्याच जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. दंडाला रबर बांधायचं, शीर शोधायची, सुई टोचायची आणि दुपारी कागद हातात द्यायचा. कागद देताना लोकांचे चेहरे बघायची सवय झाली होती. पण एक कागद असा आला की चेहरा माझाच बदलला. आज मी त्याबद्दल बोलणार आहे. घरातलं बोलणार आहे, म्हणून आधी घरच्यांना विचारलं. वहिनी म्हणाली, "ताई, बिनधास्त सांगा. मी पण ऐकीन."

माझा भाऊ माळकरी आहे. मटण-मासे तर सोडाच, त्याच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. अंगानं काटक, पोट नाही, तंबाखू नाही. मोसंबीची बाग आहे, रात्री-अपरात्री लाईट आली की पाणी द्यायला जाणारा माणूस. त्रेचाळिसाव्या वर्षी, ऐन हिवाळ्यात, बागेतच त्याच्या छातीत कळ आली. घाम फुटला, डावा हात जड पडला. नशीब की शेजारच्या शेतातला मुलगा जवळ होता. त्याला गाडीत घालून संभाजीनगरला नेलं. एक रक्तवाहिनी बंद होती, स्टेंट बसला, माणूस वाचला.

आणि दवाखान्याच्या व्हरांड्यातच खटला सुरू झाला. डॉक्टरांनी घाईत सांगितलं होतं, "तेल-तूप कमी करा." आईनं ते ऐकलं आणि वहिनीकडे बघून म्हणाली, "तुझ्या हाताला तेलाचा अंदाजच नाही. मी कितींदा सांगितलं." वहिनी काही बोलली नाही. घरी आल्यावर बघायला येणाऱ्या बायकाही तेच बोलल्या, फक्त गोड शब्दांत. "फोडणीला जरा हात आखडता घे गं बाई." नवऱ्याला झटका आला की सैपाक करणारीचा हात आधी तपासला जातो, हे मी टेबलावर शेकडो वेळा ऐकलं होतं. घरात ऐकल्यावर मात्र टोचलं.

वहिनीनं मग तळण बंद केलं. पोळीला तेल नाही, वरणावर तूप नाही, शेंगदाण्याची चटणीसुद्धा डब्यात बंद. पोरं कुरकुरायची. भावानं दोन महिने गोळ्या घेतल्या आणि सोडून दिल्या, कारण गावात कुणीतरी सांगितलं की या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत, पथ्यानंच होतंय सगळं. पाच महिन्यांनी तपासलं. पहिल्या वेळी वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, २३६ होतं. आता २१४ आलं. एवढ्या कडक पथ्यावर बावीस उतरलं. आई म्हणाली, "आजून कुठंतरी तेल पडतंयच."

त्या रात्री मला झोप आली नाही. आईचा राग आला म्हणून नाही, आकड्यांमुळे. एक साधी गोष्ट इतके दिवस माझ्या डोक्यात आली नव्हती. वहिनी वीस वर्षं त्याच भांड्यातलं जेवत होती. तेल जास्त असेल तर ते तिच्याही पोटात गेलं होतं. मग तिचा रिपोर्ट कुणी काढला होता का? नाही. आपल्याकडे घरातल्या बाईचा रिपोर्ट शेवटी निघतो.

दुसऱ्या रविवारी सकाळी मी सामान घेऊन माहेरी गेले आणि ओसरीवर बसून सगळ्यांचं रक्त घेतलं. माझंही, सहकारी मुलीकडून. वहिनीचं एलडीएल निघालं ९६. आईचं ११८. माझी भाची, एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी, तिचं १९८. भाचा चौदा वर्षांचा, त्याचं ९२. आणि माझं, दुसऱ्या गावात राहणारीचं, दुसऱ्या चुलीवर शिजवून खाणारीचं, २०८.

आता तुम्हीच सांगा, वहिनीच्या हातच्या तेलानं माझं कोलेस्टेरॉल कसं वाढलं?

वडील आमचे १९८९ साली गेले. सत्तेचाळीस वर्षांचे होते. औत सोडून बांधावर बसले ते उठलेच नाहीत. तेव्हा कुणी म्हणालं बाहेरची बाधा, कुणी म्हणालं उन्हाचा झटका. तेव्हा कागद नव्हता. पण भावाचा, माझा आणि भाचीचा कागद एका रांगेत ठेवला की तो धागा वडिलांकडं जातो.

या प्रकाराला डॉक्टर घराण्यात चालणारं जास्तीचं कोलेस्टेरॉल म्हणतात. त्याचा कारभार कसा चालतो हे मोंढ्याच्या उदाहरणानं सांगते. सोयाबीनच्या हंगामात जालन्याच्या मोंढ्याबाहेर गाड्यांची रांग लागते ती आपण सगळ्यांनी पाहिलीय. रक्तातलं एलडीएल म्हणजे अशा मालगाड्या समजा. त्या रिकाम्या करायचं काम मुख्यतः यकृत, म्हणजे लिव्हर, करतं. लिव्हरच्या पेशींवर गाड्या आत घ्यायची फाटकं असतात. फाटकं भरपूर असली की रस्ता मोकळा. ही फाटकं कशी बांधायची याचे नकाशे प्रत्येकाला दोन मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एक नकाशा चुकलेला असला तर निम्मीच फाटकं धड बनतात. मग माल कमी आला तरी रांग रस्त्यावरच राहते. महिने नाही, वर्षं. जन्मापासून. रस्त्याच्या कडेनं, म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीत, तो माल साचत जातो.

ही फाटकं अमेरिकेतल्या डॅलस शहरात मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघा डॉक्टरांनी १९७०च्या दशकात शोधली. लहान मुलांना हृदयविकार का होतो याचा ते पिच्छा पुरवत होते. १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडेही हे काम झालेलं आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. टेस्टर आशावैद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा भारतीय रुग्णांमध्ये फाटकाच्या नकाशातल्या नेमक्या चुका शोधल्या आणि २००० साली त्या प्रसिद्ध केल्या. म्हणजे हा काही परदेशी लोकांचा आजार नव्हे. जगभरात अडीचशे-तीनशे माणसांमागे एकाला हे असतं. दोन-तीन हजार वस्तीचं आपलं गाव धरा, आठ-दहा माणसं होतील. त्यातल्या किती जणांना माहीत असेल? बहुतेकांना एकदम बागेतच कळतं.

डॉक्टरांनी भावाला नीट तपासलं तेव्हा त्यांनी त्याच्या टाचेमागचा जाड दोर चिमटीत धरून पाहिला. तो नेहमीपेक्षा जाड होता, आत कोलेस्टेरॉल साचलेलं. डोळ्याच्या बुबुळाभोवती पांढुरकं कडं होतं. म्हाताऱ्या माणसांत ते असतं, पण चाळिशीतल्या माणसाला दिसलं तर चौकशी करायची. आम्ही सगळे रोज त्या डोळ्यांकडे बघत होतो, आणि मी तर आरोग्य खात्यातली! असो. जनुकांची महागडी तपासणी त्यांनी सांगितली नाही. आकडे, टाच, डोळे आणि वडिलांचा मृत्यू, एवढ्यावर निदान पक्कं होतं.

आता इथं कुणी म्हणेल, चला, आमच्या घरात असं काही नाही, मग आम्ही सुटलो. थोडं थांबा. फाटकाचा नकाशाच चुकलेला, अशी माणसं थोडी. पण बाकीच्या आपल्या सगळ्यांतही बारीक-बारीक फरक असतात आणि एकच घास दोघींच्या रक्तात दोन तऱ्हेनं वागतो. वाण तसं पीक, हे शेतकऱ्याच्या बाईला वेगळं सांगायला नको.

याची एक गंमत सांगते. १९९१ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय मासिकात एका अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आजोबांची हकीकत छापून आली. हे आजोबा रोज पंचवीस अंडी खायचे. पंचवीस! कित्येक वर्षं. आणि कोलेस्टेरॉल एकूण २०० च्या आसपास, म्हणजे काही विशेष नाही. डॉक्टर फ्रेड कर्न यांनी तपासलं तेव्हा कळलं की आजोबांचं आतडं खाल्लेल्या कोलेस्टेरॉलमधलं फक्त अठरा टक्के आत घेत होतं, बाकीचं सोडून देत होतं. आणि जे आत जाई त्याचं शरीर झपाट्यानं पित्तरस बनवून टाकत होतं. हे त्यांचं शरीर होतं. त्यांचं पाहून दुसऱ्या कुणी पंचवीस अंडी सुरू करावी असं नाही.

नेदरलँड्समध्ये मार्टिन काटान नावाच्या आहारशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात हेच जरा शिस्तीत पाहिलं. त्याच-त्या माणसांना पुन्हा-पुन्हा जास्त कोलेस्टेरॉलचं जेवण देऊन रक्त तपासलं. काही जणांचा आकडा दर वेळी जास्त चढायचा, काहींचा दर वेळी जेमतेम. पण त्यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली. आकडा एका वेळी खूप हलला म्हणून तो माणूस कायमचा तसाच असं नाही, कारण रक्तातला आकडा असाही दिवसागणिक थोडा वरखाली होतो. मीही टेबलावरच्या अनुभवानं सांगते, एका रिपोर्टवर घाबरायचं नाही आणि एका रिपोर्टवर नाचायचं पण नाही.

या फरकामागं एकच जनुक नसतो, पुष्कळ असतात. एकाचं नाव एपीओई. त्याचे तीन प्रकार, दोन, तीन आणि चार नंबरचे. चार नंबरवाल्यांचं एलडीएल सरासरीनं थोडं जास्त असतं, दोन नंबरवाल्यांचं कमी. तूप, लोणी, पामतेल यांतल्या घट्ट चरबीला चार नंबरवाले जास्त प्रतिसाद देतात असं काही अभ्यासांत दिसलं, काहींत नाही. म्हणून जाहिराती बघून हजारो रुपयांची 'जनुकानुसार आहार' तपासणी करायला जाऊ नका. तुमच्या शरीराचा खरा प्रतिसाद कळायचा तर आधी साधी रक्ततपासणी करा, दोन-तीन महिने जेवणात बदल करा आणि पुन्हा तीच तपासणी त्याच ठिकाणी करा. शेजारणीला जे लागू पडलं ते तुम्हाला लागू पडलं का, ते कागद सांगेल.

मग पथ्याचा काही उपयोग नाही का? आहे. पण किती, ते आकड्यात कळलं पाहिजे. घट्ट चरबी कमी करून पातळ तेल, डाळी, भाज्या वाढवल्या तर एलडीएल साधारण दहा-पंधरा टक्के उतरतं. कुणाचं थोडं जास्त, कुणाचं कमी. आता हिशेब करा. ज्या बाईचं एलडीएल १२५ आहे तिचं दहा-पंधरा टक्क्यांनी ११० च्या आसपास येईल. तिला कदाचित गोळीची गरजच पडणार नाही. भावाचं २३६. त्यातून दहा टक्के गेले तरी २१२. वहिनीनं पाच महिने जे केलं त्यानं २१४ झालं, म्हणजे पथ्यानं जेवढं होतं तेवढं तिनं अगदी पुरेपूर करून दाखवलं होतं! आईला मी हा हिशेब पाटीवर लिहून दाखवला. आई बराच वेळ पाटीकडे बघत राहिली. "म्हंजे हिनं केलं व्हतं की बरोबर," एवढंच म्हणाली. माफी वगैरे आमच्याकडे कुणी मागत नाही. पण त्या दिवशी वहिनीला चहा आईनं करून दिला.

स्वयंपाकघरातलं बोलायला निघालो तर करडईचं बोलायलाच हवं. माझ्या लहानपणी ज्वारीच्या कडेनं करडईचे तास असायचे, काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही म्हणून. घाण्यावरून तेल यायचं. त्या तेलात तीन-चतुर्थांश हिस्सा लिनोलिक आम्लाचा असतो, आणि अशा पातळ तेलांनी कोलेस्टेरॉल उतरतं हे १९५०च्या दशकापासून दिसत आलंय. पुढं सोयाबीन आलं, करडई मागं पडली. सोयाबीनचं तेल वाईट नाही. शेंगदाण्याचंही नाही. खरी खोट दुकानातल्या फरसाण-वेफर-बिस्किटांत असते, कारण तिथं बहुधा पामतेल असतं, आणि त्यात निम्म्याच्या आसपास घट्ट चरबी. पुडीच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचत जा. डालडाचं तर काय सांगावं. पूर्वी त्यात ट्रान्स फॅट नावाचा सगळ्यात घातक प्रकार भरपूर असायचा, जो वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो आणि चांगलं कमी करतो. जानेवारी २०२२ पासून सरकारनं त्याची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली. तरी तेच तेल पुन्हा-पुन्हा उकळून काढलेली भजी खायची असतील तर तो कायदा तुमच्या मदतीला येणार नाही.

आणि हो, तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं असतं त्याचे जास्तीचे पैसे देऊ नका. कोलेस्टेरॉल फक्त प्राण्यांपासून आलेल्या पदार्थात असतं. झाडाच्या कुठल्याच तेलात ते मोजण्याजोगं नसतं. म्हशीच्या पुढं 'हिला पंख नाहीत' अशी पाटी लावावी तसं ते आहे.

माळकऱ्याच्या घरचा आणखी एक भ्रम. मांस नाही, अंडं नाही, मग कोलेस्टेरॉल आलं कुठून? अहो, शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं शरीरच बनवतं. ते विषही नाही. पेशींच्या भिंती, पित्तरस, बाईचे-पुरुषाचे हार्मोन सगळे त्यातूनच होतात. घोटाळा साठण्यात आहे. शिवाय एकादशीला साबुदाणा, शेंगदाणे, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू. एकादशी दुप्पट खाशी, हे काही उगाच म्हणत नाहीत. साखर, मैदा, साबुदाण्यानं एलडीएलपेक्षा ट्रायग्लिसराइड नावाची दुसरी चरबी वाढते. आपल्या लोकांत हीच जोडी फार दिसते, ट्रायग्लिसराइड जास्त आणि चांगलं कोलेस्टेरॉल कमी. यात मात्र जेवणाचा आणि चालण्याचा हात मोठा आहे. दिवसातले पाच गोड चहा दोनवर आणले तरी पुढच्या कागदावर फरक पडलेला मी पाहिलाय.

"पण तो तर बारीक होता," हे वाक्य मी इतकं ऐकलंय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या मासिकात आला. शेजारी लंडनचे डॉ. युडकिन. दोघांचं उंचीच्या मानानं वजन अगदी सारखं, तो आकडा दोघांचाही २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१.२. बाहेरून दोघं सारखेच सडपातळ. डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या लेकरांचा अभ्यास चालवला. तिथं दिसलं की आपली बाळं जन्मतः वजनानं हलकी असूनही त्यांच्या अंगावर चरबीचा वाटा राखलेला असतो. याचा संबंध फक्त जनुकांशी नाही, आईच्या पोटात काय गेलं त्याच्याशीही आहे. म्हणून दिवस राहिलेल्या सुनेच्या ताटात काय पडतं ते बघणं म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांचं बघणं आहे. हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे, पण राहवलं नाही.

आता गोळीबद्दल. स्टॅटिन नावाच्या गोळ्या. अकिरा एन्डो या जपानी शास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात बुरशीतून त्यांचा पहिला नमुना शोधला. आपल्या मोसंबीवर जी हिरवी-निळी बुरशी चढते ना, तिच्याच जातकुळीतली बुरशी. गोळी लिव्हरमधलं कोलेस्टेरॉल बनवणं कमी करते. मग लिव्हरला आतून माल कमी पडतो आणि ते आणखी फाटकं उघडतं. रस्त्यावरची रांग हलते. एलडीएल तीस ते पन्नास टक्के खाली येतं. भावानं गोळ्या पुन्हा सुरू केल्या. वहिनीचं पथ्य अर्धं सैल केलं तरी तीन महिन्यांनी एलडीएल ११२ आलं. नंतर डॉक्टरांनी दुसरी गोळी जोडली, कारण झटका येऊन गेलेल्या माणसाला त्याहून बरंच खाली न्यावं लागतं. या गोळ्या सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, जेनेरिक दुकानात स्वस्त मिळतात. कुणाचे स्नायू दुखतात, तर डॉक्टरांना सांगून डोस किंवा गोळी बदलता येते. परस्पर सोडू नका. आणि तरुण मुलींनो, दिवस राहण्याचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला, कारण त्या काळात या गोळ्या सहसा थांबवतात. गरोदरपणात कोलेस्टेरॉल आपोआप वाढतं, तेव्हाचा कागद बघून घाबरू नका. पाळी जाण्याच्या वयात मात्र ते वाढलं की वाढलेलंच राहतं. थायरॉईडनंही वाढतं, म्हणून बाईचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं की थायरॉईड बघून घ्यायचं.

आता ज्या गोष्टीसाठी मला खरं तर बोलायचं होतं, ती.

आपल्या मराठवाड्यात भावाची मुलगी सून म्हणून आणायची रीत आहे. माझी भाची जन्मली तेव्हा आईनं पाळण्यातच सांगितलं होतं, ही माझ्या लेकीच्या घरी जाणार. माझ्या मुलाला आता चोवीसावं लागलंय. पोरांचं एकमेकांवाचून अडलं होतं असं नाही, पण नाही पण म्हणत नव्हती. सगळ्यांना सोयीचं होतं. ओसरीवरच्या त्या रविवारनंतर मी घरी येऊन माझ्या मुलाचं रक्त तपासलं. २०१ निघालं.

म्हणजे वडिलांचा तो चुकलेला नकाशा भावातून भाचीत आला आणि माझ्यातून मुलात. यांचं लग्न झालं असतं तर होणाऱ्या प्रत्येक बाळाला चारात एक शक्यता अशी की दोन्ही नकाशे चुकलेलेच मिळतील. फाटकं जवळजवळ नाहीतच. असं मूल काही लाखांत एखादं असतं, पण जवळच्या नात्यात लग्न होतात तिथं जास्त दिसतं. त्या लेकरांच्या कोपरावर, गुडघ्यावर, बोटांच्या बेचक्यात पिवळसर गाठी येतात. एलडीएल पाचशेच्या वर जातं. दहा-बारा वर्षांच्या पोराला हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. साध्या गोळ्या त्याला पुरत नाहीत, कारण उघडायला फाटकंच नसतात.

मी आईला सांगितलं. आई दोन दिवस जेवली नाही. "आमच्या आजे-पणज्यांनी काय मामाच्या पोरी केल्या न्हाईत?" केल्या. कितीतरी पोरं लहानपणी गेली, कारण कुणाला माहीत? भाची मात्र स्पष्ट बोलली. "आत्या, मला तुमच्याकडं यायचंच होतं असं नाही, पण नाही म्हणायचं कारण पण नव्हतं. आता आहे." आम्ही सोयरीक थांबवली.

पुढचा प्रश्न अवघड होता. भाचीला बाहेरचं स्थळ आलं तर सांगायचं का? गावातल्या जाणत्या बायकांनी, ज्यांना थोडं कळलं होतं त्यांनी, एका सुरात सांगितलं, दाबून टाका. मी म्हटलं, सांगायचं. दाबलं तर पोरगी सासरी गोळी लपवून खाणार, एक दिवस ती सापडणार, आणि मग 'आजारी पोरगी गळ्यात मारली' हे जन्मभर ऐकणार. त्यापेक्षा गोळी सोडून देईल, ते तर आणखी वाईट. पहिल्या स्थळानं ऐकलं आणि परत फोन केला नाही. वहिनी रडली, माझ्यावर थोडी चिडलीही. तिची चूक नाही. मी बरोबर केलं असं मला वाटतं, पण पोर माझी नव्हती, तिची होती. भाची सध्या नर्सिंगला आहे. रोज रात्री गोळी घेते आणि तिचं एलडीएल शंभराच्या आत आहे. नात्याबाहेर, ज्याचा कागद ठीक आहे अशा मुलाशी लग्न झालं, तर तिच्या बाळाला निम्मी शक्यता एक नकाशा चुकलेला मिळण्याची. आणि ते लहानपणी कळलं तर पोर धडधाकट आयुष्य काढतं.

म्हणून माझं तुमच्याकडे मागणं आहे. तुमच्या घरात, माहेरी किंवा सासरी, कुणा पुरुषाला पंचावन्नच्या आत किंवा बाईला पासष्टच्या आत झटका आला असेल, किंवा कुणाचं एलडीएल १९० च्या वर निघालं असेल, तर त्यांचे सख्खे भाऊ, बहिणी आणि मुलं यांचं रक्त तपासा. मुलांचं पाच ते दहा वर्षांच्या दरम्यानच तपासावं. बाकीच्यांनी वयाच्या विशीत एकदा तरी. उपाशीपोटी यायचीही बहुतेक वेळा गरज नसते, हे आपल्या देशातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ च्या मार्गदर्शनात सांगितलंय. त्यामुळे 'सकाळी उपाशी कोण जाईल, गुरांचं कोण बघेल' हे कारण गेलं. त्याच मार्गदर्शनात साध्या निरोगी माणसाचं एलडीएल १०० च्या खाली असावं असं आहे. आणखी एक तपासणी आयुष्यात एकदा करायला सांगितलीय, लायपोप्रोटीन-ए. तो आकडा जवळजवळ सगळाच जन्मानं ठरतो, जेवणानं हलत नाही, आणि आपल्या लोकांत सुमारे चौघांत एकाला जास्त असतो. पन्नास मिलिग्रॅमच्या वर निघाला तर बाकीचं सगळं, बीपी, साखर, एलडीएल, तंबाखू, जास्त कडक सांभाळायचं.

दवाखान्यात जाताना एका कागदावर लिहून न्या की घराण्यात कोण, कितव्या वर्षी, कसं गेलं. 'अचानक गेले' असं असेल तर तेही लिहा. सासूबाईंना, आत्याबाईंना विचारा, त्यांना आठवतं. आमच्या वडिलांचं वय मला आईनंच सांगितलं, तेही त्यांच्या बैलाच्या खरेदीवरून हिशेब करून.

बायकांना झटका येतो तेव्हा नेहमी छातीतच दुखतं असं नाही. दम लागतो, जबडा किंवा पाठ दुखते, मळमळतं, घाम सुटतो. त्यावर ओवा खाऊन झोपू नका.

वहिनी आता पुन्हा फोडणी देते. घरच्या पाच माणसांना महिन्याला तीन लिटर तेल, मोजून. करडईचं घाण्यावरून आणायला लागलीय. शेंगदाण्याची चटणी डब्यातून बाहेर आली. परवा मी गेले तेव्हा आई जेवायला बसली होती, म्हणाली, "चटणीत तेल कमी झालंय गं, घाल जरा." वहिनीनं माझ्याकडं बघितलं आणि बरणी आईच्या पुढं सरकवली.

तुमचे प्रश्न केंद्रावर चिठ्ठीनं पाठवा, पुढच्या वेळी उत्तरं देईन.